बाबा टीव्हीवर दिसले, फक्त बाबांना नाही

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं नुसते वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, बरेचसे वाचून हसतोय. कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो, कुणाला विहिरीवर बाई दिसते... आणि खाली लगेच "अंगावर काटा आला" म्हणणारे पन्नास जण हजर. माझ्या अंगावर काटा फक्त पिक्चर ट्यूबचा शॉक बसला की यायचा. कारण माझा धंदाच टीव्ही दुरुस्तीचा. आयटीआय करून पनवेलला एसटी स्टँडजवळ छोटं दुकान टाकलं होतं. पडद्यावर एका माणसाची दोन माणसं दिसायला लागली तर त्याला आमच्या लाइनीत 'घोस्ट' म्हणतात आणि ते अँटेना फिरवली की जातं. भूत म्हटलं की माझ्यासाठी एवढंच.

तरीही आज लिहितोय, कारण ही एक तक्रार तीस वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. तक्रारच म्हणतो. भीती वगैरे नाही वाटली मला, चीड आली. अजून येते.

साल ब्याण्णव किंवा त्र्याण्णव असेल. आम्ही पनवेलला लाइन आळीत राहायचो... दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. आई, बाबा आणि मी. बाबा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होते. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी नाटकाची तालीम. गणपतीतल्या नाटकांत तीस वर्षं कामं केली त्यांनी. कधी गडी, कधी पोस्टमन, कधी हवालदार. हिरो कधीच नाही. पण गावात त्यांचं नाव होतं. "दामूकाका स्टेजवर आले की मजा येते" असं लोक म्हणायचे.

बाबांना मात्र एक रुखरुख होती. "सगळ्या पनवेलनं मला बघितलंय, फक्त मीच नाही," असं म्हणायचे. बरोबर होतं ते. स्टेजवरचा नट स्वतःला कसा बघणार? तेव्हा व्हिडिओ शूटिंग फक्त श्रीमंतांच्या लग्नात. नाटकाच्या ग्रुप फोटोतही बाबा नसायचे, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा.

अशात आपट्याला शूटिंग आलं. पाताळगंगेच्या काठावर मुंबईच्या कुणा शेठजींचा बंगला होता, तिथे. केबलवर नवीन सुरू झालेल्या एका चॅनलसाठी हिंदी मालिका. एका गाजलेल्या जुन्या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे... शेकडो वर्षं जिवंत राहिलेला सरदार, रक्त पितो, आरशात दिसत नाही. सुरुवातीला तो म्हातारा असतो आणि रक्त पिऊन पिऊन तरुण होतो. हिरोला फक्त तरुणपणाचं काम करायचं होतं. म्हातारपणासाठी ठरलेला नट आलाच नाही. युनिटला जेवण पुरवणारा केटरर आमच्याच आळीतला, तो म्हणाला, "उंच, हडकुळा, धारदार नाकाचा माणूस पाहिजे ना? एक आहे आमच्याकडे, घरचाच समजा."

एका दिवसाचं काम. बाबांनी शाळेतून रजा काढली, मी दुकान बंद ठेवून बरोबर गेलो. भर दुपारी बंगल्याच्या खिडक्यांना काळं कापड लावून आत रात्र केली होती. बाबांना पांढराफटक मेकअप, केसांचा टोप, लांब नखं. सीन एवढाच... पाहुणा दार वाजवतो, बाबा कंदील घेऊन दार उघडतात आणि म्हणतात, "आइए, तशरीफ लाइए. इस घर में बरसों से कोई मेहमान नहीं आया." मग मागे वळून जिना चढतात. डायरेक्टरने त्यांना एकच सूचना दिली, "दादा, पलक नहीं झपकानी. मुर्दा हैं आप."

चौथा टेक ओके झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेकअपमनचा मोठा आरसा हिरोच्या खोलीत होता आणि खोलीला कडी, त्यामुळे बाबांना आपला अवतार काही बघायला मिळाला नाही. मेकअपमन मेकअप उतरवतो म्हणाला तर बाबांनी त्याला थांबवलं. "असाच घरी जातो. हिला दाखवायचंय." आणि युनिटच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून ते तसेच, नखांसकट, पनवेलपर्यंत आले. रसायनीच्या नाक्यावर एक बाई टोपली टाकून पळाली, ते बाबा पुढे कित्येक दिवस सांगत होते.

घरी आल्यावर आई बघतच राहिली. पण आमच्या आईचं एक होतं, कुणी काही नाव काढून आलं की आधी दृष्ट काढायची. मी आयटीआय पास झालो तेव्हाही काढली होती. बाबा आत आरशाकडे निघाले, तर तिने त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"आधी दृष्ट काढते, मग काय ते बघा."

"अगं, तोंड तर बघू दे मला."

"एवढ्या लोकांनी बघितलंय आज. उभे राहा गप."

मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. तीनदा उतरवलं आणि शेगडीत टाकलं. मिरच्यांनी घरभर ठसका उठायला पाहिजे, पण वाससुद्धा आला नाही. आई म्हणाली, "बघा, केवढी लागली होती." मी म्हणालो, "मिरच्या सादळल्यात तुझ्या." तेवढ्यात मेकअपचं पांढरं बाबांच्या डोळ्यांत उतरलं, डोळे चुरचुरायला लागले आणि ते धावत न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले. आरशासमोर उभे राहिले तेव्हा तिथे रोजचे बाबा होते.

"जाऊ दे, टीव्हीवर बघू," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी, गुरुवारी रात्री साडेआठला पहिला भाग लागला. आमच्या खोलीत वीस-बावीस माणसं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत. पाहुणा आला, त्याने दार वाजवलं, दार करकरत उघडलं... आणि लाईट गेली! फक्त आमच्या बाजूची. समोरच्या रांगेत टीव्ही चालू. दहा मिनिटांनी लाईट आली तेव्हा मालिकेत नदीकाठचं गाणं चाललं होतं. बाबा हसले. "माझ्या एंट्रीला लाईटनेच एक्झिट घेतली."

रविवारी सकाळी तोच भाग पुन्हा दाखवणार होते. मी काही कच्चा खेळाडू नव्हतो. दुकानातून ट्रकची बॅटरी आणली, बारा व्होल्टवर चालणारा छोटा सेट आणला, केबल नवीन टाकली. लाईट गेली नाही. पण दार उघडलं आणि चित्र वरून खाली फिरायला लागलं. चित्र थोपवायचं व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवलं, सेटला दोन चापट्या मारल्या, काही नाही. सीन संपला आणि चित्र आपोआप थांबलं. माझी काय अवस्था झाली असेल बघा. अख्ख्या पनवेलचे सेट मी दुरुस्त करायचो आणि घरी हा तमाशा.

इथपर्यंत योगायोग म्हणा. मीही तेच म्हणालो.

माझा दोस्त मोहसिन केबल चालवायचा. त्याने कंट्रोल रूममध्ये तो भाग कॅसेटवर घेऊन ठेवला होता. "क्या काम किया है यार अब्बाने, एक नंबर! माझी अम्मी तर उठून दुसऱ्या खोलीत गेली," असं म्हणत त्याने कॅसेट दिली. मी ती आधी दुकानात लावून बघितली. बाबा स्वच्छ दिसत होते. कंदील, टोप, नखं, सगळं. शांत झालो. व्हीसीआर घेऊन घरी गेलो, बाबांना बसवलं आणि प्ले दाबलं.

पाहुणा आला. दार उघडलं. दारात कंदील होता... आणि कंदील धरणारा कोणीच नव्हता.

आवाज होता. "आइए, तशरीफ लाइए..." बाबांचाच. पाहुणा त्या रिकाम्या दाराकडे बघून मान डोलावत होता. मग कंदील वळला आणि तरंगत जिना चढला. चित्रात एक रेघ नाही, एक मुंगी नाही. आई तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा म्हणाले, "ट्रिक फोटोग्राफी असेल."

"बाबा, मी आत्ता दुकानात बघितलंय तुम्हाला!"

ज्यांना आत्ता कमेंटमध्ये 'टेप खराब असेल' असं लिहायचंय त्यांनी कृपा करून पुढचं वाचा. मी व्हीसीआरचं हेड साफ केलं. ट्रॅकिंग फिरवलं. दुसरा व्हीसीआर आणला. मग बाबा कंटाळून बाहेर ओट्यावर गेले, मी सहज पुन्हा कॅसेट लावली, आणि बाबा दिसले. दारात, उंच, पांढरे.

"बाबा! दिसताय!" मी ओरडलो. ते धावत आत आले. दारात नुसता कंदील.

पूर्वी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि खाली ओरडून विचारायचं, "आलं का?" आठवतं ना? तसं आम्ही बापलेक त्या दिवशी तासभर करत होतो. बाबा ओट्यावरून विचारायचे, "आलो का?" मी आतून ओरडायचो, "आलात!" त्यांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला की मी, "गेलात!" आधी आम्हाला हसू येत होतं. शेवटी शेवटी बाबांनी विचारायचंही बंद केलं. नुसते आत यायचे, रिकाम्या दाराकडे बघायचे आणि परत बाहेर जायचे.

पुढचे काही महिने मी वेड्यासारखा त्यामागे लागलो. रंगीत सेट, ब्लॅक अँड व्हाइट सेट, मोहसिनची कंट्रोल रूम, एका गिऱ्हाइकाचा नवा कोरा परदेशी टीव्ही. सगळीकडे तेच. खोलीत बाबा नसले की बाबा पडद्यावर, बाबा आले की नाहीत. टीव्हीसमोर आरसा धरून त्यात बघायला लावलं, खिडकीच्या काचेतून बाहेरून बघायला लावलं. नाही म्हणजे नाही. कॅसेटवर मी इतका चिडलो होतो की एकदा आपटणार होतो, मोहसिनने हात धरला.

आमच्याकडे करंजा गावची पारूबाय मासळी घेऊन यायची. ती ओट्यावर टोपली उतरवता उतरवता आईला म्हणाली, "वयनी, आमी समद्यांनी बगितला ना दादांना! बारकी पोरां तं रडाला लागली. आनी तुमाला नाय दिसला म्हनता?"

आईने तिला सगळं सांगितलं. दृष्टीचंसुद्धा. पारूबायने टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "वयनी, दिष्ट मानसाची काडतान. तोंडाला दुसऱ्याचा तोंड लावलेला आसताना काडाची नाय. तुमी त्यांचाच काय तं काडून टाकलंव."

मी आतून ओरडलो, "पारूबाय, बोंबील द्या आणि जा!" पण आईच्या मनात ते बसलं ते बसलंच. "मी त्यांना आरशात तरी बघू द्यायला हवं होतं," हे ती नंतर कितीतरी वेळा म्हणाली. काढलेली दृष्ट परत कशी घालतात, हे तिने दोन भटजींना आणि एका भगताला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. असं काही विचारणारी तीच पहिली असणार.

बाबा स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत, पण मला विचारत. "सुधीर, कसा दिसतो रे मी त्यात?" मी सोल्डरिंग करता करता म्हणायचो, "बरे दिसता."

"बरा म्हणजे? मान कशी आहे? वळताना पाय अडखळत नाही ना?"

"नाही हो. चांगलं आहे सगळं."

"आणि पापणी? एकदाही लवू दिली नाही मी. ते तरी जमलंय ना?"

"जमलंय."

माझ्या आवाजात वैताग असायचा. त्यांच्यावर नाही, त्या काचेच्या डब्यावर. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार? आई मात्र बाबा शाळेत गेले की ती कॅसेट लावायची. भाजी निवडत निवडत पुन्हा पुन्हा बघायची. मला वाटायचं, बाईला नाद लागलाय.

दोनेक वर्षांनी बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं. दवाखाना करून घरी आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन काय बोलले ते सांगायला नको. कॉट पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर टाकली होती. त्यांना मान वळवायचेही कष्ट व्हायचे. एके दिवशी दुपारी मी तिथेच आमचा टीव्ही उघडून बसलो होतो... मागचं झाकण काढलेलं, फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात. नीट लक्षात ठेवा. फ्यूज माझ्या खिशात होता.

बाबा म्हणाले, "एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुधीर, तू पाहुणा हो."

"काय?"

"पाहुणा हो म्हणते. दार वाजव."

ती बाबांचा जुना काळा कोट घालून उभी होती. लुगड्यावर कोट, हातात कंदील. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसलो असतो. मी उठलो, स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केलं. आईने दार उघडलं, अगदी सावकाश. आणि मी शपथेवर सांगतो, ते बाबांचं उघडणं होतं. खांदा थोडा वर, मान पुढे, कंदील छातीपासून दूर धरलेला. आमच्या आईला हिंदी धड येत नव्हतं. पण "आइए, तशरीफ लाइए" ती बाबांच्याच ठेक्यात म्हणाली. दोन वर्षं भाजी निवडताना ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं.

आणि बाबा तिच्याकडे बघतच नव्हते! दार त्यांच्या उशाच्या मागे, आणि हे समोर बंद टीव्हीकडे टक लावून. माझा तोलच गेला. "बाबा, तिकडे काय बघताय? आई इकडे आहे! एवढं करतेय ती तुमच्यासाठी!"

बाबांनी बोट वर केलं. "थांब. बोलू नकोस मध्ये."

मी त्या काचेकडे बघितलं. मला काय दिसलं? खिडकीचा चौकोन, कॉटचा पाय, दारात कोट घातलेली आईची अंधुक आकृती. कुठल्याही बंद सेटच्या काचेत जे दिसतं तेच. आई वळली आणि जिना चढल्यासारखी चार पावलं आत गेली. बाबांनी श्वास सोडला.

"दिसलो रे," ते म्हणाले.

"आईने केलं ते ना?"

"नाही. मी. जिना होता ना मागे." मग त्यांच्या चेहऱ्यावर तालमीनंतरचा तो भाव आला, स्वतःच्या चुका मोजतानाचा. "बरा आहे मी. उंच वाटतो. पण एक घोळ झालाय. पापणी लवली."

"नाही लवली बाबा. आम्ही शंभरदा बघितलंय."

"लवली. 'तशरीफ' म्हणालो, वात जराशी हलली, तेव्हा. डावी. अर्धीच. डायरेक्टरच्या लक्षात कसं नाही आलं?" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

आई कोट काढून बाहेर आली. मी तिला विचारलं, तू डोळे मिटलेस का? ती म्हणाली, "नाही रे, उलट पाणी साचलं तरी मिटले नाहीत. यांनी मिटले नव्हते ना." म्हणजे तिलाही ते माहीत नव्हतं.

मी तसाच दुकानात गेलो. कॅसेट लावली, पॉज केली, एकेक फ्रेम पुढे सरकवली. 'तशरीफ' शब्द संपतो. कंदिलाची ज्योत डावीकडे झुकते. आणि दोन फ्रेम, फक्त दोन, बाबांची डावी पापणी अर्धी खाली येते आणि परत वर जाते.

दुकानाचं शटर खाली ओढून मी बसलो. ती कॅसेट मी खरंच शंभरदा बघितली होती, पण बाबा आहेत का नाहीत एवढंच तपासायला. ते दिसतात कसे, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मग त्या दिवशी बघितलं. मान कशी वळते, बोटं कशी थरथरतात, शेवटच्या शब्दावर आवाज कसा उतरतो. सगळं पाठ केलं, घरी गेलो आणि कॉटवर बाबांच्या पायाशी बसून त्यांना पहिल्यापासून सांगितलं. तासभर सांगत होतो. ते मध्ये मध्ये मान हलवत होते.

"पापणी बघितलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बघितली. डावी."

"अर्धीच ना?"

"अर्धीच, बाबा."

बारा दिवसांनी बाबा गेले.

कुणी म्हणेल, पापणी लवल्याचं त्यांना शूटिंगपासूनच माहीत असणार. असेल. पण मग दोन वर्षं मला ते विचारत का राहिले? आणि ते दारात आले की कॅसेटमधून जात कुठे होते? मोठमोठ्या इंजिनिअरांना विचारून झालं, एकाकडेही सरळ उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, आणि धंद्याने मेकॅनिक असलेल्या माणसाला याच्यासारखी दुसरी बोच नसते. दुकानात आता सगळे मोबाईल आहेत. एक व्हीसीआर मात्र मी अजून चालू ठेवलाय. आई वर्षातून एकदा दुकानात येते, मी कॅसेट लावतो, आणि 'तशरीफ' शब्द आला की आम्ही दोघंही डोळे न मिटता बसतो.